जुने कर्नल आणि नवे फर्मवेअर : सुसंगतता नेमकी कोण राखते?

मूळ लेखन

कर्नलची, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याची, एखादी आवृत्ती तयार होऊन चार-पाच वर्षे उलटलेली असतात आणि ज्या मदरबोर्डवर ती चालवायची तो मदरबोर्ड नुकताच बाजारात आलेला असतो. ती आवृत्ती लिहिणाऱ्यांनी हा मदरबोर्ड पाहिलेला नसतो. त्यावरचे फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच साठवलेले आणि यंत्र सुरू होताच चालणारे सॉफ्टवेअर, ज्या मानकाला धरून लिहिले आहे, ते मानकही तेव्हा प्रसिद्ध झालेले नसते. तरीही बहुतेक वेळा यंत्र सुरू होते, पडद्यावर अक्षरे उमटतात, डिस्क सापडते. कधी मात्र सगळे सुरळीत चालूनही झोपवलेला लॅपटॉप पुन्हा जागा होत नाही, किंवा निम्मेच प्रोसेसर दिसतात. नव्या कर्नलने जुने हार्डवेअर सांभाळण्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्याच्या उलट दिशेविषयी, म्हणजे जुन्या कर्नलने आपल्यानंतर जन्मलेल्या फर्मवेअरशी जुळण्याविषयी, मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

सुरुवात एसीपीआयपासून करतो, म्हणजे यंत्रात कोणते हार्डवेअर आहे आणि त्याची वीज कशी सांभाळायची हे फर्मवेअरने टेबलांच्या रूपात कर्नलला सांगण्याच्या मानकापासून. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी हे मानक डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केले आणि २०१३ मध्ये ते यूईएफआय या बायोसच्या जागी आलेल्या फर्मवेअर मानकाची देखरेख करणाऱ्या यूईएफआय फोरमकडे सोपवले गेले. इतक्या वर्षांत त्यात प्रचंड भर पडली, पण मांडणीचा मूळ नियम बदलला नाही. जवळपास प्रत्येक टेबलाच्या आरंभी ३६ बाइटांचे एकसारखे शीर्षक असते. त्यात चार अक्षरांची खूण, टेबलाची पूर्ण लांबी, रिव्हिजनचा आकडा आणि चेकसम, म्हणजे मजकूर बिघडला नाही ना हे पडताळणारी बेरीज, असतो. खूण ओळखीची नसली तर कर्नलने ते टेबल बाजूला ठेवावे. खूण ओळखीची असून लांबी अपेक्षेपेक्षा जास्त निघाली, तर आपल्याला ठाऊक असलेला भाग वाचावा आणि पुढचे सोडून द्यावे. एफएडीटी हे वीज आणि मूलभूत हार्डवेअरची माहिती देणारे टेबल पहिल्या आवृत्तीत ११६ बाइटांचे होते, आवृत्ती ३ च्या सुमारास २४४ बाइटांचे झाले आणि आवृत्ती ६ मध्ये २७६ बाइटांवर पोहोचले. परंतु पहिल्या ११६ बाइटांतील रकाने आपापल्या जागीच राहिले. ज्या मूळ खुणेवरून कर्नल ही सगळी टेबले शोधतो, त्या आरएसडीपीची रचनाही अशीच आहे. पहिले २० बाइट जुन्या कर्नलसाठी असून त्यांचा चेकसम वेगळा आहे. पुढचे १६ बाइट आवृत्ती २ मध्ये जोडले गेले, त्यात ६४ बिटांचा पत्ता आहे आणि संपूर्ण ३६ बाइटांसाठी दुसरा चेकसम आहे. जुना कर्नल २० बाइट वाचून थांबतो, आणि त्याची बेरीज बरोबर जुळते.

एवढ्यावरून एखाद्याला वाटेल की लांबी आणि प्रकार नीट लिहिले की काम झाले. एमएडीटी या टेबलात तसे होत नाही. या टेबलात प्रोसेसरांची यादी असते आणि प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला एक बाइट प्रकारासाठी, एक बाइट लांबीसाठी असतो. प्रकार ० मध्ये प्रोसेसरच्या एपिकचा, म्हणजे इंटरप्ट (उपकरणांकडून येणारे लक्ष वेधणारे संकेत) हाताळणाऱ्या भागाचा, क्रमांक आठ बिटांत लिहिलेला असतो. आठ बिटांत न मावणाऱ्या क्रमांकांसाठी आवृत्ती ४ मध्ये प्रकार ९ आला, त्यात क्रमांक ३२ बिटांचा आहे. प्रकार ९ माहीत नसलेला कर्नल नियमाप्रमाणे लांबी पाहून पुढे जातो, कोणतीही चूक नोंदवत नाही, आणि त्या नोंदींतले प्रोसेसर त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतात. यंत्र चालते, पण अपुरे चालते, आणि ते अपुरे चालते आहे हे सांगणारा एकही संदेश उमटत नाही.

माझा प्रश्न असा आहे. अशा ठिकाणी सुसंगतता राखण्याचे काम मानकाचे, फर्मवेअर लिहिणाऱ्याचे की कर्नलचे? प्रत्यक्ष उदाहरणांसह उत्तरे आली तर चर्चा उपयोगी होईल.

प्रतिसाद १

टेबलांच्या जोडीला उपकरणांच्या ओळखीचाही विचार करायला हवा, कारण जुना कर्नल नव्या यंत्रावर चालण्याचे निम्मे श्रेय तिकडे जाते.

एसीपीआयमध्ये प्रत्येक उपकरणाला ‘_एचआयडी’ ही मुख्य ओळख असते आणि ‘_सीआयडी’ ही सुसंगत ओळखींची यादी जोडता येते. पीसीआय एक्स्प्रेस, म्हणजे कार्डे आणि डिस्क जोडण्याच्या पीसीआय मार्गाचे नवे रूप, आले तेव्हा त्याच्या मूळ ब्रिजला (त्या मार्गाच्या मुळाशी असलेल्या दुव्याला) पीएनपी०ए०८ ही नवी ओळख मिळाली, पण सुसंगत ओळख म्हणून पीएनपी०ए०३, म्हणजे साध्या पीसीआय ब्रिजची, तिथेच लिहिली गेली. ज्या कर्नलने पीसीआय एक्स्प्रेसचे नावही ऐकले नव्हते, त्याला तो ओळखीचा पीसीआय ब्रिज वाटला आणि तो कामाला लागला. त्याला प्रत्येक उपकरणाच्या कॉन्फिगरेशनचे पहिले २५६ बाइट जुन्याच पद्धतीने वाचता आले. वाढीव ४०९६ बाइटांची जागा त्याला दिसली नाही, पण तिच्यावाचून त्याचे अडले नाही. एआरएम यंत्रांवरच्या डिव्हाइस ट्रीमधील, म्हणजे हार्डवेअरचे वर्णन देणाऱ्या रचनेतील, ‘कंपॅटिबल’ हा गुणधर्म याच विचाराचा आहे. त्यात आधी नेमक्या चिपचे नाव आणि मग उतरत्या क्रमाने अधिकाधिक सर्वसाधारण नावे लिहिली जातात, आणि कर्नल त्यांतले आपल्याला समजणारे सर्वांत नेमके नाव उचलतो.

पीसीआयच्या क्लास कोडचा, म्हणजे उपकरण कोणत्या जातीचे हे सांगणाऱ्या आकड्याचा, लाभ तर रोज मिळतो. एनव्हीएमई या वेगवान डिस्कच्या मानकाचा ड्रायव्हर लिनक्समध्ये २०१२ साली, आवृत्ती ३.३ मध्ये आला. तो उपकरण कोणी बनवले हे विचारत नाही, क्लास कोड पाहतो. त्यामुळे त्यानंतर अनेक वर्षांनी बनलेली डिस्क त्या काळच्या ड्रायव्हरलाही सहसा ओळखता येते. नेमकी हीच सोय जिथे झाकली जाते, तिथे लोक अडकतात. इंटेलच्या व्हीएमडी व्यवस्थेत एनव्हीएमई डिस्क एका वेगळ्या नियंत्रकाच्या मागे जाते. त्या नियंत्रकाचा डिव्हाइस क्रमांक कर्नलच्या यादीत नसेल, तर इन्स्टॉलरला ‘डिस्क सापडली नाही’ एवढेच दिसते आणि वापरणाऱ्याला डिस्क बिघडल्याची शंका येते. ज्या फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये व्हीएमडी बंद करता येते, तिथे ते बंद करताच तीच डिस्क जुन्या कर्नललाही दिसते. मात्र त्याच डिस्कवर आधीपासून दुसरी कार्यप्रणाली असेल, तर हा बदल करण्यापूर्वी ती सुरू होईल ना याची खात्री करून घ्यावी.

प्रतिसाद २

वरील दोन्ही लेखनांतील माहिती योग्य आहे, पण त्यांतून चित्र जरा जास्तच आश्वासक उभे राहते. टेबलांची लांबी आणि उपकरणांच्या ओळखी हा एसीपीआयचा सोपा भाग आहे. कठीण भाग डीएसडीटी आणि एसएसडीटी या टेबलांत असतो, कारण त्यांत माहितीबरोबर कार्यक्रमही असतो. फर्मवेअर लिहिणारा एएमएल नावाच्या बाइटकोडमध्ये पद्धती लिहून ठेवतो आणि कर्नल आपल्या इंटरप्रिटरमधून त्या चालवतो. म्हणजे कर्नलच्या आत, कर्नलच्या अधिकाराने, कर्नल लिहिणाऱ्यांनी कधीही न पाहिलेला कोड चालतो. त्या कोडची चाचणी बहुतांश वेळा त्या वर्षीच्या विंडोजवर झालेली असते. मानक काय म्हणते यापेक्षा त्या विंडोजवर काय चालले, यालाच व्यवहारात अधिक वजन मिळते.

याची सर्वांत त्रासदायक खूण म्हणजे ‘_ओएसआय’ ही पद्धत. कार्यप्रणालीचे कोणते गुण उपलब्ध आहेत हे विचारता यावे, असा तिचा हेतू होता. प्रत्यक्षात तिचा उपयोग ‘तू कोण आहेस?’ हे विचारण्यासाठी झाला. फर्मवेअर एकामागून एक नावे विचारते: ‘विंडोज २००६’ म्हणजे व्हिस्टा, ‘विंडोज २००९’ म्हणजे विंडोज ७, ‘विंडोज २०१२’ म्हणजे विंडोज ८, ‘विंडोज २०१५’ म्हणजे विंडोज १०. ज्या सर्वांत नव्या नावाला होकार मिळतो त्याचे वर्ष बहुतेक फर्मवेअरमध्ये एका चलात साठवले जाते, आणि मग शेकडो ओळींच्या कोडमध्ये जागोजागी त्या वर्षाची तुलना करून वागणूक ठरते. टचपॅड आय-स्क्वेअर-सी बसवर दाखवायचा की जुन्या पीएस/२ रूपात, पडद्याचा उजेड कोणी सांभाळायचा, असे निर्णय त्या एका आकड्यावर टांगलेले असतात.

आता जुना कर्नल समोर ठेवून पाहा. लिनक्स विंडोजच्या या नावांना होकार देतो, कारण नकार दिला तर ज्या वाटेने कोणी गेलेलेच नाही अशा वाटेने फर्मवेअर त्याला नेते. पण त्याच्या यादीत त्याच्या काळापर्यंतचीच नावे असतात. नवे फर्मवेअर ‘विंडोज २०२०’ विचारते, जुना कर्नल नाही म्हणतो, आणि फर्मवेअर त्याला विंडोज ८ किंवा विंडोज १० च्या काळातली वागणूक देऊ करते. कागदोपत्री ही सुसंगतता झाली. परंतु त्या नव्या यंत्रावर विंडोज ८ कोणी चालवूनच पाहिलेले नसते. ती शाखा आधीच्या मॉडेलच्या कोडमधून जशीच्या तशी उतरलेली असते आणि तीत उल्लेखलेले हार्डवेअर कदाचित या बोर्डावर नसतेही.

‘लिनक्स’ हे नाव विचारले असता लिनक्स स्वतःच २००७ च्या सुमारापासून ‘नाही’ असे उत्तर देतो. ऐकायला हे विचित्र वाटते, पण त्यामागचा विचार पक्का आहे. त्या नावाला निश्चित अर्थ नाही. आजच्या लिनक्समधील एखादी उणीव भरून काढण्यासाठी फर्मवेअरने त्या नावावर वेगळी वागणूक ठेवली, तर पुढच्या आवृत्तीत ती उणीव दूर झाल्यावर तीच वागणूक अडथळा ठरते, आणि फर्मवेअर तर विकल्या गेलेल्या यंत्रात तसेच बसून असते.

‘_रेव्ह’ या ओळखीचेही तेच झाले. कार्यप्रणाली एसीपीआयची कोणती आवृत्ती जाणते हे तिच्यातून कळावे, अशी अपेक्षा होती. विंडोज नेहमी ‘२’ हेच उत्तर देत राहिले, लिनक्सचे उत्तर मानकाबरोबर वाढत ५ वर पोहोचले, आणि काही फर्मवेअरकारांच्या लक्षात आले की ५ म्हणजे लिनक्स. एका लॅपटॉपमध्ये या आकड्यावरून ध्वनियंत्रणेची जोडणीच बदलली जात असे. अखेर २०१५ मध्ये लिनक्सनेही २ हेच उत्तर कायम केले, आणि त्या लॅपटॉपसाठी वेगळा अपवाद कर्नलमध्ये लिहावा लागला. प्रामाणिकपणे सांगितलेली आवृत्ती ही ओळख पटवण्याचे साधन बनली की तिचा मूळ उपयोग संपतो.

प्रतिसाद ३ (धागाकर्ता)

या सविस्तर उत्तराबद्दल आभार. एक शंका राहते. कर्नलने आपण कोण हे सांगू नये, आवृत्तीही खरी सांगू नये, असे असेल तर नव्या फर्मवेअरला जुन्या कर्नलशी जुळवून घेण्यासाठी काहीच आधार उरत नाही. मग फर्मवेअरने विचारावे तरी काय?

प्रतिसाद ४

‘तुला काय काय येते?’ हे विचारावे. आणि त्याची व्यवस्था एसीपीआयमध्येच ‘_ओएससी’ या नावाने आहे. पीसीआय एक्स्प्रेसच्या मूळ ब्रिजसाठी ती कशी चालते ते पाहण्यासारखे आहे. कर्नल बिटांचा एक संच पाठवतो. त्यातला एक बिट हॉटप्लगसाठी (चालू यंत्रात उपकरण जोडण्या-काढण्यासाठी), एक त्रुटींच्या नोंदीसाठी, एक पॉवर मॅनेजमेंटच्या संकेतांसाठी, अशी वाटणी असते. जी कामे फर्मवेअर सोडायला तयार असते तेवढे बिट ते परत करते आणि उरलेली स्वतःकडे ठेवते. जुन्या कर्नलला नंतर जोडलेल्या बिटाचा अर्थ ठाऊक नसतो, म्हणून तो बिट त्याच्याकडून शून्यच जातो आणि ते काम आपोआप फर्मवेअरकडे राहते. इथे नाव नाही, वर्ष नाही. न सांगितलेली गोष्ट म्हणजे न येणारी गोष्ट, आणि तिच्यासाठी जुनी रीत चालू ठेवायची, एवढाच करार आहे.

अलीकडचे याहून बोलके उदाहरण गोपनीय आभासी यंत्रांचे, म्हणजे ज्यांची मेमरी यजमान यंत्रालाही वाचता येत नाही अशा व्हर्च्युअल मशीनचे आहे. इंटेलच्या टीडीएक्स आणि एएमडीच्या एसईव्ही-एसएनपी या व्यवस्थांत आभासी यंत्राने मेमरी वापरण्यापूर्वी ती रीतसर स्वीकारावी लागते. सगळी मेमरी सुरुवातीलाच स्वीकारायची तर बूट होण्यास फार वेळ लागतो, म्हणून यूईएफआय २.९ मध्ये ‘न स्वीकारलेली मेमरी’ असा एक नवा प्रकार आला आणि ती स्वीकारण्याचे काम कर्नलवर सोपवता येऊ लागले. जुन्या कर्नलला हा प्रकार माहीत नाही. फर्मवेअरने दिलेल्या मेमरी नकाशात (मेमरीच्या भागांच्या यादीत) अनोळखी प्रकार दिसला की तो त्या भागाला हात लावत नाही, म्हणजे बहुतांश मेमरी त्याच्यासाठी वाया गेली असती. यावर काढलेला तोडगा मला फार समंजस वाटतो. ज्या कर्नलला हे काम येते त्याने बूटच्या वेळी एका ठरावीक प्रोटोकॉलद्वारे तसे कळवायचे. कोणी काहीच कळवले नाही, तर फर्मवेअर बूटसेवा संपवून यंत्र कर्नलच्या हाती देण्याच्या क्षणी सगळी मेमरी स्वतःच स्वीकारून टाकते. नव्या कर्नलला वेग मिळतो. जुना कर्नल सावकाश सुरू होतो, पण त्याला पूर्ण मेमरी मिळते.

नवी गोष्ट ‘प्रकार’ म्हणून आणायची की ‘गुणधर्म’ म्हणून, या निवडीचेही परिणाम मोठे असतात. यूईएफआय २.८ मध्ये विशेष कामासाठी राखीव मेमरीची सोय आली, ती मेमरीच्या प्रकारात न घालता गुणधर्माचा एक बिट म्हणून आली. जुना कर्नल त्या बिटाकडे पाहत नाही आणि ती मेमरी इतर मेमरीसारखीच वापरतो. ही मेमरी कदाचित जास्त वेगवान किंवा कमी वेगवान असेल, तिचा उत्तम उपयोग होणार नाही, पण ती हाताशी राहते. मूळ लेखनातील एमएडीटीच्या उदाहरणात दुसरा मार्गच उपलब्ध नव्हता, कारण ३२ बिटांचा क्रमांक आठ बिटांच्या रकान्यात बसवता येत नाही. म्हणून धागाकर्त्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की पहिली जबाबदारी मानकाची आहे. नवी सोय न समजणाऱ्याच्या वाट्याला काय येईल, हे मानक लिहितानाच ठरवले गेले पाहिजे.

प्रतिसाद ५

मानकाची जबाबदारी पहिली हे मान्य, पण मानक लिहिणाऱ्यांनाही प्रत्येक कर्नलची सवय ठाऊक असणे शक्य नाही. यूईएफआय २.५ मधील प्रॉपर्टीज टेबलाचा अनुभव त्या दृष्टीने सांगण्याजोगा आहे.

कार्यप्रणाली सुरू झाल्यावरही फर्मवेअरच्या काही सेवा, उदाहरणार्थ बूटची चले वाचणे-लिहिणे, मेमरीत जिवंत राहतात. पूर्वी मेमरी नकाशात अशा सेवेच्या एका तुकड्यासाठी एकच नोंद असे आणि त्यात कोड व डेटा एकत्र असत. सुरक्षेसाठी कोड फक्त वाचता-चालवता यावा आणि डेटा चालवता येऊ नये, म्हणून २०१५ मध्ये आलेल्या आवृत्ती २.५ ने त्या एका नोंदीचे अनेक तुकडे करण्याची मुभा दिली. हेतू चांगला होता. अडचण अशी झाली की फर्मवेअरच्या कोडमधून डेटाकडे जाणारे पत्ते परस्परांतील अंतरावर आधारलेले होते. नोंद एकच होती तोवर कर्नलने ती कोणत्याही नव्या पत्त्यावर नेली तरी आतील अंतर कायम राही. आता तुकडे वेगळ्या नोंदी बनले, आणि प्रत्येक नोंदीला हवा तो आभासी पत्ता देण्याचे स्वातंत्र्य कर्नलला पूर्वीपासून होते. लिनक्स त्या काळी ६४ बिटांच्या यंत्रांवर या नोंदींना वरून खाली अशा क्रमाने पत्ते देत असे; त्यामुळे कोड आणि डेटा यांच्यातील अंतर बदलले आणि फर्मवेअरची सेवा बोलावताच कर्नल कोसळू लागला.

त्या कर्नलने जुन्या मानकातील कोणताही नियम मोडला नव्हता. लिनक्समध्ये तो क्रम उलटा करून दुरुस्ती झाली आणि ती जुन्या चालू शाखांतही पोहोचवली गेली. परंतु खरी दुरुस्ती मानकाने केली: २०१६ च्या आवृत्ती २.६ मध्ये मेमरी नकाशाला हात न लावता तीच माहिती एका स्वतंत्र टेबलात देण्याची पद्धत आली, आणि जुने प्रॉपर्टीज टेबल मागे पडले. ज्याला नवे टेबल कळते त्याने परवानग्या घट्ट कराव्यात. ज्याला कळत नाही त्याच्यासाठी नकाशा पूर्वीसारखाच दिसतो. आधीच्या प्रतिसादात सांगितलेले तत्त्व इथे अनुभवातून शिकले गेले. अस्तित्वात असलेल्या रचनेचा अर्थ सूक्ष्मपणे बदलणे हे नवी रचना जोडण्यापेक्षा कितीतरी घातक असते, कारण जुना कर्नल ती रचना ‘ओळखीची’ समजून विश्वासाने वाचतो.

प्रतिसाद ६

आतापर्यंत सगळे भर पडण्याविषयी बोलले. माझ्या मते जुने कर्नल अधिक वेळा अडतात ते काढून टाकलेल्या गोष्टींमुळे, आणि तिथे लांबी, प्रकार, सुसंगत ओळख यांपैकी काहीही कामी येत नाही.

विंडोज ७ चे उदाहरण सर्वपरिचित आहे. २०१५ मध्ये इंटेलच्या १०० मालिकेतील चिपसेटमधून ईएचसीआय हा यूएसबी २ चा नियंत्रक गेला आणि सर्व पोर्ट एक्सएचसीआय या नव्या नियंत्रकाखाली आले. विंडोज ७ च्या मूळ इन्स्टॉलरमध्ये एक्सएचसीआयचा ड्रायव्हर नव्हता. पडद्यावर स्वागताची चौकट येई आणि यूएसबीचा कीबोर्ड व माउस दोन्ही निर्जीव असत. लिनक्समध्ये तो ड्रायव्हर २००९ पासून, आवृत्ती २.६.३१ पासून होता, म्हणून तिथे हीच चिपसेट-पिढी अडचण ठरली नाही. पुढे फर्मवेअरमधून सीएसएम, म्हणजे जुन्या बायोसची नक्कल करणारा भाग, काढला जाऊ लागला. २०२० पर्यंत ही नक्कल संपवण्याचा मनोदय इंटेलने २०१७ मध्येच जाहीर केला होता. विंडोज ७ यूईएफआयवर सुरू होत असले तरी चित्रासाठी बायोसच्या जुन्या इंटरप्टवर, म्हणजे बायोसला काम सांगण्याच्या जुन्या पद्धतीवर, विसंबून होते, त्यामुळे तो आधार जाताच ते बूट होतानाच अडकू लागले.

झोपेच्या अवस्थेचे आजही तसेच चालले आहे. पूर्वी लॅपटॉप मिटला की एस३ ही अवस्था येई. तीत मेमरी सोडून जवळपास सगळ्याची वीज तोडली जाते आणि बरेचसे काम फर्मवेअर करते. अनेक नव्या लॅपटॉपांच्या फर्मवेअरमध्ये एस३ दिलेलीच नसते. त्याऐवजी यंत्र जागेपणाच्याच अवस्थेत अत्यंत निवांत ठेवायचे असते, आणि त्यासाठी प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरने आपापली वीज कमी करावी लागते. म्हणजे पूर्वी फर्मवेअरकडे असलेले काम कर्नलकडे आले. जुन्या कर्नलकडे त्या पिढीच्या चिपचे ड्रायव्हर नसतील तर लॅपटॉप झोपल्यासारखा दिसतो, पण पिशवीत तापत राहतो आणि सकाळपर्यंत बॅटरी संपते. हा दोष कर्नलवर ढकलणे मला न्याय्य वाटत नाही. जी सोय पंधरा-वीस वर्षे मानकाच्या आधाराने उपलब्ध होती, ती पर्याय परिपक्व होण्यापूर्वी काढून घेतली गेली, आणि किंमत वापरणाऱ्याने मोजली.

प्रतिसाद ७

ज्यांच्यासमोर असे यंत्र प्रत्यक्ष उभे आहे त्यांच्यासाठी काही व्यवहारातल्या गोष्टी लिहितो.

सर्वप्रथम कर्नलचा बूटच्या वेळचा लॉग वाचावा. एसीपीआयच्या ओळींमध्ये प्रत्येक टेबलाची खूण, रिव्हिजन आणि लांबी छापलेली असते. ‘_ओएसआय’ संबंधी संदेश आणि ‘_ओएससी’ने कोणती कामे कर्नलला दिली हेही तिथेच दिसते. लिनक्सवर एसीपीआयडम्प या साधनाने टेबले उतरवून आयएएसएल या साधनाने ती वाचनीय रूपात आणता येतात, आणि फर्मवेअर कोणत्या नावावर कोणती वागणूक देते हे डोळ्यांनी पाहता येते. हे एकदा करून पाहावेच, कारण अंदाजाने पॅरामीटर देत बसण्यापेक्षा त्याने वेळ वाचतो.

‘एसीपीआय_ओएसआय’ या बूट पॅरामीटरने एखादे नाव यादीतून वगळता किंवा त्यात घालता येते. तो निदानासाठी उत्तम आहे. मात्र एका नावाने सगळी वागणूक बदलत असल्यामुळे टचपॅड चालू होऊन दुसरेच काही बंद पडले नाही ना, हे तपासावे. एसीपीआय संपूर्ण बंद करण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो, तो मी आजच्या यंत्रांसाठी देणार नाही. प्रोसेसरांची यादी, इंटरप्टची वाटणी आणि तापमानावरचे नियंत्रण त्याच टेबलांतून येते, त्यामुळे तसे केल्यावर जे उरते त्यावरून मूळ दोषाविषयी काहीच निष्कर्ष काढता येत नाही.

खरा उपाय बहुधा नव्या हार्डवेअरसाठीचे कर्नलच असते. दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या वितरणांमध्ये याचे दोन मार्ग आहेत. रेड हॅट आपल्या जुन्या क्रमांकाच्या कर्नलमध्ये नवे ड्रायव्हर आणून बसवते, त्यामुळे तिथे आवृत्तीचा आकडा पाहून ‘हे जुने आहे’ असे ठरवणे चुकीचे ठरते. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती एचडब्ल्यूई नावाने पुढचे कर्नल देते, आणि डेबियनमध्ये बॅकपोर्ट्स या वाढीव पॅकेजसंग्रहातून ते घेता येते. नवे कर्नल घेताना ग्राफिक्स आणि वायफायच्या फर्मवेअर फाइलींचे पॅकेजही बरोबर अद्ययावत करावे. हे फर्मवेअर मदरबोर्डवरच्या फर्मवेअरपेक्षा वेगळे असते. ते ड्रायव्हर स्वतः उपकरणात भरतो आणि ठरावीक नावाची फाइल नसेल तर उपकरण सुरूच होत नाही.

प्रतिसाद ८

सुरक्षित बूटचा, म्हणजे मान्य सही असलेलाच बूटलोडर सुरू होऊ देण्याच्या व्यवस्थेचा, उल्लेख आला नाही. तिथे मानकाची रचना जुळत असूनही जुने कर्नल दाराशीच अडू शकते.

बहुतेक लिनक्स वितरणे शिम हा कर्नलच्या आधी चालणारा छोटा बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या सहीने देतात. ही सही ज्या २०११ च्या प्रमाणपत्रावर दीर्घकाळ आधारलेली होती त्याची मुदत जून २०२६ ची, आणि विंडोजच्या स्वतःच्या बूटलोडरसाठीच्या २०११ च्या प्रमाणपत्राची मुदत ऑक्टोबर २०२६ ची आहे. त्यांची जागा घेणारी प्रमाणपत्रे २०२३ ची आहेत. मुदत संपली म्हणून सध्याची यंत्रे त्या दिवशी बंद पडत नाहीत, कारण सही तपासताना फर्मवेअर साधारणपणे तारीख पाहत नाही. अडचण दोन्ही टोकांना येते. ज्या जुन्या यंत्राच्या फर्मवेअरमध्ये २०२३ ची प्रमाणपत्रे पोहोचली नाहीत, ते केवळ नव्या सहीचा शिम स्वीकारणार नाही. आणि ज्या नव्या यंत्रात फक्त २०२३ ची प्रमाणपत्रे असतील, ते जुन्या इन्स्टॉलेशन माध्यमावरचा शिम नाकारेल, मग त्यातले कर्नल त्या हार्डवेअरशी कितीही सुसंगत असो.

यासाठी आताच दोन गोष्टी कराव्यात. ज्या यंत्रांसाठी उत्पादकाने फर्मवेअरचा अपडेट दिला आहे तो घ्यावा; लिनक्सवर एफडब्ल्यूयूपीडी या साधनातून हे अपडेट आणि प्रमाणपत्रांच्या याद्या पुष्कळ यंत्रांसाठी मिळतात. आणि संग्रही ठेवलेली जुनी इन्स्टॉलेशन माध्यमे नव्या शिमसह पुन्हा तयार करावीत. सुरक्षित बूट बंद करून जुने माध्यम चालवता येते, पण डिस्कचे कूटबंधन (एन्क्रिप्शन) टीपीएमशी, म्हणजे किल्ल्या जपणाऱ्या चिपशी, जोडलेले असेल तर त्या बदलाने टीपीएममधील मोजमापे बदलतात आणि किल्ली मिळत नाही. रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय ते सेटिंग बदलू नये.